सहा हजार ओळींच्या आड

चौकशी अहवालाचा निष्कर्ष दोन वाक्यांचा होता. ‘रुग्णालयाच्या इशारा-घंटेतील बिघाड तपासनीस बाईंनी बदल न वाचता मंजूर केल्यामुळे घडला. चुकीचा आकडा मुळात कोणाच्या हातून पडला, हे निश्चित करता येत नाही.’ दोन्ही वाक्ये वरवर खरी होती. खोटे बोलण्याची ही सर्वांत सुशिक्षित रीत आहे.

आता वस्तुस्थिती पाहू. रुग्णाचा श्वास मंदावला की तीन सेकंदांत परिचारिकेच्या टेबलावर घंटा वाजायला हवी. त्या दिवशी ती तीस सेकंदांनी वाजली. रुग्ण वाचला तो शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने आरडाओरडा केला म्हणून. तीनाचा तीस झालेला आकडा कोडच्या एकाच ओळीत होता. पण कोडमधला प्रत्येक बदल वापरात जाण्याआधी वाचून मंजूर करणाऱ्या तपासनीस बाईंपुढे बदललेल्या म्हणून आलेल्या ओळी होत्या सहा हजार दोनशे चौदा. उरलेल्यांचा अर्थ तसूभरही बदलला नव्हता. त्या केवळ सरकल्या होत्या.

याचे कारण घंटेचा कोड लिहिणाऱ्या कार्यालयातले दोन ज्येष्ठ अभियंते. थोरल्यांना प्रत्येक ओळ समासापासून चार घरे आत हवी, धाकट्यांना दोन. एकाला कंस ओळीच्या शेवटी शोभे, दुसऱ्याला नव्या ओळीवर. फाइल जतन करताच ती अख्खी आपल्या आवडीने नव्याने मांडली जाईल, अशी सोय दोघांनीही करून ठेवली होती. सकाळी फाइल उजवीकडे सरके, दुपारी डावीकडे, आणि ओळीओळीवर ‘शेवटचा बदल कोणाचा’ या नोंदीत आलटून पालटून दोघांची नावे चढत. नऊ वर्षे चाललेल्या या प्रकाराला ते ‘कारागिराचे स्वातंत्र्य’ म्हणत. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. इथे तिसरीच्या नावाने कबुलीपत्र टंकलिखित झाले. चौकशी समितीचे अध्यक्ष अर्थातच थोरले होते.

तपासनीस बाईंना त्या कबुलीपत्रावर दुसऱ्या दिवशी चारपर्यंत सही करायची होती. केली, तर रुग्णालयांच्या कामाची दारे कायमची बंद. न केली, तर याच कार्यालयाचे दार बंद. संध्याकाळी तिने हे आईला सांगितले. आईची तीस वर्षे शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून गेली होती.

“तू वाचला होतास का गं तो बदल?”

“सहा हजार ओळी, आई! रोज तेच. कोण वाचतं?”

“म्हणजे नाही वाचलास.”

“तूही त्यांच्याच बाजूची?”

“मी पेशंटच्या बाजूची. ऐक. ऑपरेशनचा ट्रे आम्ही सगळ्याजणी एकाच पद्धतीने लावायचो. मला कात्री डावीकडे बरी वाटायची. मेट्रन म्हणाली, ‘घरच्या दिवाणखान्यात लाव हवी तिथे.’”

“ट्रे वेगळा, कोड वेगळा.”

“काही वेगळं नाही. सगळं रोज त्याच जागी असलं, की नसलेली कात्री लगेच नजरेत भरते. रोज जागा बदलल्या, तर ती पोटात राहिली तरी पत्ता लागायचा नाही. आणि बयो, हे दिसत असून तू रोज त्या ट्रेवर सही करत होतीस.”

आईचे म्हणणे अहवालापेक्षा कठोर होते. फरक एवढाच, की ते न्याय्य होते.

दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीचे दार तिच्यामागे बंद झाले. समोर थोरले आणि धाकटे बसले होते; एचआरच्या बाईंनी पेन पुढे सरकवले. काचेपलीकडे सहकारी आपापल्या पडद्यांत डोकी खुपसून बसले होते.

“सही करते,” ती म्हणाली आणि तिने छापील कागदांचा गठ्ठा थोरल्यांपुढे ठेवला. “पण सर, आधी ती ओळ मला यात शोधून दाखवा.”

“मॅडम, ते तुमचं काम होतं.” थोरले हसले.

“होतंच. किती वेळ लागतो, तेवढं बघू.”

थोरल्यांचे हसू बाराव्या पानापर्यंत टिकले. चाळिसाव्या पानावर त्यांनी चष्मा पुसला. अर्ध्या तासाने गठ्ठा बाजूला सारून ते पुटपुटले, “आधी यातला कचरा काढायला हवा.”

“कचरा कुणाचा, सर?”

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. फाइलच्या आठवडाभराच्या साऱ्या आवृत्त्या तिने एकाच नियमाने मांडून घेतल्या होत्या. चार की दोन, हा प्रश्नच पुसला गेला होता. पडद्यावर एकच ओळ उरली होती. एकच! तीन गेलेले, तीस आलेले. आणि शेजारी थोरल्यांचे स्वतःचे नाव!

“सही मी करते,” ती म्हणाली, “पण माझ्या शब्दांत. न वाचता मंजूर केलं, आणि नऊ वर्षं तक्रार केली नाही. हे दोन्ही गुन्हे माझे.”

वाचकहो, सामाईक कामाची मांडणी ही कोणाची अभिरुची नसते. ती दुसऱ्याच्या डोळ्यांना दिलेली संधी असते. जिथे प्रत्येक जण आपल्या आवडीचे राज्य चालवतो, तिथे चूक लपते, आणि सापडते ती शेवटची सही करणारी. नऊ वर्षे न सुटलेला वाद त्या खोलीत सहा मिनिटांत मिटला: घरे चार, आणि मांडणार यंत्र. धाकटे दोन दिवस फुरंगटले. तिसऱ्या दिवशी ती चार घरे त्यांच्या लक्षातही येईनात.

तपासनीस बाई आजही तिथेच तपासनीस आहेत. अहवाल मात्र बदलला. त्याचा शेवटचा परिच्छेद थोरल्यांच्या हस्ताक्षरात आहे, तो असा:

‘तीस हा आकडा मी चाचणीपुरता घातला आणि काढायला विसरलो. तपासनीस बाईंना तो दिसला नाही, कारण त्याच्यापुढे सहा हजार ओळी मीच उभ्या केल्या होत्या. नंतर तो मलाही सापडला नाही.’