घड्याळजींच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी

मी एक जुनी, काळी, डोळ्यावर बांधायची पट्टी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एका माणसाचा सूड घेतलाय आणि मला त्याचा जराही पस्तावा नाही.

माझा जन्म वहिनींच्या मोडक्या छत्रीच्या कापडातून झाला. वहिनी म्हणजे घड्याळजींची बायको. घड्याळजी दिवसभर दुकानात उजव्या डोळ्याला भिंग लावून, डावा मिटून घड्याळं दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी गच्चीवर आपल्या आकाशदर्शन मंडळासाठी दुर्बीण लावायचे. अंधुक तारे दिसायला डोळा आधी अर्धा तास अंधारात ठेवावा लागतो. म्हणून वहिनींनी मला शिवलं. बदल्यात एवढंच म्हणाल्या, "अहो, एकदा मलाही बघू द्या की."

"बघशील गं. आधी मंडळाचं होऊ दे."

मंडळाचं सात वर्षं होतच होतं.

आधी माझं कौतुक झालं. "माझी युक्ती!" म्हणत घड्याळजी मला मिरवायचे. वहिनींचं नावसुद्धा नाही! पुढे त्यांनी मलाच घेऊन सांडलेला चहा पुसला, दुर्बिणीचा लुळा पाय बांधला, आणि एकदा त्यांना सर्दी झाली तेव्हा... जाऊ दे, तुम्ही जेवत असाल. मी सगळं लक्षात ठेवलं.

मग तो तेजस्वी धूमकेतू आला. त्याची शेवटची संध्याकाळ होती. सूर्य बुडाल्यावर जेमतेम दहा मिनिटं दिसणार, मग समोरच्या पाण्याच्या टाकीमागे गडप. परत यायला आठ हजार वर्षं. गच्चीवर मंडळातले कंपाउंडर होते, भूमितीचे सर होते. वहिनी दारात उभ्या होत्या.

"आज तरी?"

"आज तर मुळीच नाही! शेपटी मोजायचीय."

घड्याळजी दुर्बिणीवर झेपावले आणि मला वर सरकवायचं विसरले. चाळीस वर्षांच्या सवयीनं डावा डोळा आपोआप मिटला. मला इलास्टिकनं कानाला चिमटा काढता आला असता. नाही काढला. उलट आणखी घट्ट बसले.

"काळंकुट्ट! कंपाउंडर, झाकण काढलंत का?"

"हे काय, खिशात आहे."

"मग सर, तुमची दिशा चुकली."

"अहो, तो बघा ना समोर! नुसत्या डोळ्यांनी दिसतोय, झाडूएवढा!"

"मला शिकवू नका," दुर्बिणीवरून मान न हलवता घड्याळजी म्हणाले. "दुर्बीणच बिघडलीय. वहीत लिहा, धूमकेतू दिसला नाही." सही ठोकून ते स्क्रूड्रायव्हर आणायला खाली पळाले. मीही गेले, डोळ्यावरच.

मागून आवाज आला. कंपाउंडर म्हणत होते, "सर, त्यांची पट्टी..."

"गप्प बसा हो. सात वर्षांत पहिल्यांदा दुर्बीण मोकळी झालीय. वहिनी, या!"

आम्ही वर आलो तेव्हा वहिनी डोळा लावून बसल्या होत्या. हलत नव्हत्या.

"वहिनी, आता आम्ही बघू का जरा?" सर अजिजीनं विचारत होते.

"बघाल हो. आधी माझं होऊ दे."

त्या उठल्या तेव्हा आकाशात फक्त टाकी होती. त्यांनी वही ओढली आणि नवऱ्याच्या सहीखाली लिहिलं, 'मला दिसला.' मग पुढे होऊन मला दोन बोटांनी वर सरकवलं. घड्याळजींचा चेहरा मी कपाळावरून बघितला. फार सुंदर दृश्य होतं.

आता घड्याळजी स्वतः मला आठवड्यातून दोनदा साबणानं धुतात.

मित्रांनो, वस्तू वापरा, पण पुसून जागेवर ठेवा. जिनं शिवली तिचं नाव घ्या. आम्ही वस्तू कुणाचं वाकडं करत नाही. फक्त ऐन वेळी जागच्या हलत नाही.