मावशीचं एक वाक्य

"ही लिफ्ट काय..." एवढं बोलून मावशी दम घ्यायला थांबली.

"बंद नाही मावशी, चालू आहे," लिफ्टवाला गोड आवाजात म्हणाला. "पण साहेबलोकांपुरती. तुम्ही सावकाश जिन्यानं जा."

मावशीला विचारायचं होतं, 'ही लिफ्ट काय तुझ्या बापाची आहे?' पण तीन शब्दांतच छातीचा भाता रिकामा झाला, आणि तो पुन्हा भरेपर्यंत लिफ्टचं दार लागलंसुद्धा. पूर्वी हाच लिफ्टवाला तिला लांबून बघून स्टुलावरून उठायचा.

या कार्यालयात झाडलोट करणाऱ्या, संडास-बाथरूम धुणाऱ्या मावशीला सगळे पाठीमागे 'तोफ' म्हणत. ओल्या फरशीवर कुणी बूट उमटवले की तोफ सुटायची, आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच थंड व्हायची. भांडणात ती कधी हरली नव्हती, कारण समोरच्याला तोंड उघडायला फटच मिळत नसे. घरी नवऱ्याचीही तीच गत. तो शिंपी, दिवसभर टाचण्या ओठांत धरून बसणारा, त्यामुळे न बोलणं त्याच्या सोयीचंच होतं. उभ्या संसारात ज्याच्या वाट्याला 'हूं' आणि 'बरं' एवढंच आलं, तो आता बायकोची अर्धी राहिलेली वाक्यं पुरी करत होता. प्रेमानं करत होता, हेच तर दुखणं होतं. तिनं "चहात..." म्हटलं की हा "साखर ना?" म्हणून चमचाभर घालून मोकळा. तिला सांगायचं असे, चहात माशी पडलीय.

हे सगळं झालं ते त्या एका दिवसामुळे. बाहेरचे पाहुणे यायचे होते आणि बाथरूमचे डाग ब्लीचनं निघेनात. सुपरवायझर म्हणाला, "वरून अ‍ॅसिड ओत, दोन्ही मिळून डाग खातील. आणि दार लावून घे, वास बाहेर येतोय." तिनं ओतलं. हिरवट पिवळा धूर उठला, घसा सोलून निघाला, आणि दारापाशी पोचता पोचता ती कोसळली. डॉक्टर म्हणाले, त्या वायूनं फुप्फुसं आतून पोळलीत. जखम भरली, पण व्रण राहिले, आता श्वास एवढाच. मावशीनं नशीब म्हणून तेही गिळलं असतं. पण सुपरवायझर सगळीकडे सांगत सुटला होता, "अडाणी बाई, आपल्या मनानंच दोन्ही एकत्र केलं." हे मात्र तिच्या घशाखाली उतरेना.

आज मोठ्या साहेबांना तिला एकच वाक्य ऐकवायचं होतं: साहेब, ह्यांनी सांगितलं म्हणून मी दोन्ही ओतलं. कित्येक दिवस भाजी चिरताना तिनं ते घोकलं होतं, कुठल्या शब्दाला दम घ्यायचा तेही ठरवलं होतं. नवरा सोबत आला होता तो जिन्यात आधाराला. वळणावळणाला कठडा धरून थांबत दोघं वर पोचली.

साहेबांनी तिला खुर्ची दिली. सुपरवायझर बाजूलाच हात बांधून उभा होता.

"साहेब... त्या दिवशी..."

"फार वाईट झालं, मावशी," साहेब कळवळून म्हणाले.

"मला... ह्यांनी..." तिनं सुपरवायझरकडे बोट केलं.

"तर काय!" सुपरवायझर पुढे सरसावला. "मीच उचलून दवाखान्यात नेलं, साहेब. धावत."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. रागानं श्वास आणखीच आखडला. तरी तिनं टेबलाची कड धरून जोर केला, "दोन्ही... बाटल्या..."

"बाटल्यांची चूक झाली साहेब तिची," नवरा काकुळतीला येऊन म्हणाला. "पदरात घ्या."

मावशीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की पूर्वीचे दिवस असते तर तो तिथंच वितळला असता. पण शब्दांऐवजी खोकल्याची उबळ आली. पाण्याचा ग्लास आला. साहेबांनी घड्याळ बघितलं, बसून करायचं काहीतरी काम बघू म्हणाले आणि उठले. त्यांच्या मागोमाग सुपरवायझरही गेला. तिचं वाक्य तिच्यापाशीच राहिलं.

"रागावलीस?" बाहेर आल्यावर नवऱ्यानं विचारलं. "अगं, मी तुझ्या भल्यासाठीच..."

मावशीला रडू आलं. आयुष्यभर जिभेच्या जोरावर जगलेली बाई, आणि आज घरच्या माणसानंच तिच्या तोंडून चूक कबूल करून टाकली. भिंत धरून ती चालू लागली, आणि कोपऱ्यावरच्या बाथरूमपाशी थबकली. दार लावलेलं होतं. फटीतून ब्लीचचा वास येत होता.

तिनं दार ढकललं. तिच्या जागी लागलेली नवी बाई नाकाला ओढणी बांधून उभी होती. फरशी ओली, आणि हातात अ‍ॅसिडची बाटली, झाकण काढलेली. मावशीनं झडप घालून बाटली हिसकावली आणि बाईला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"अहो, हे काय? मला सुपरवायझरनी सांगितलंय!" बाई घाबरून म्हणाली.

"ती म्हणतेय की..." नवऱ्यानं सुरुवात केली.

मावशीनं हात वर केला. तो गप्प झाला.

नवी बाई बघत राहिली. मावशीचा ऊर धपापत होता, ओठ हलत होते. बाईनं ओढणी खाली केली आणि काही न विचारता वाट बघितली.

"दोन्ही... एकत्र... ओतायचं नाही," मावशी म्हणाली. मग पुन्हा थांबली, पुन्हा श्वास गोळा केला. "मला पण... त्यांनीच सांगितलं... म्हणून... मी ओतलं."

मध्ये कुणीही बोललं नाही. मावशीनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं, आणि बाथरूमच्या दाराबाहेर रिकामी बादली पालथी घालून त्या बादलीवर बसली.

"काय चाललंय तिथं?" सुपरवायझर बोळाच्या टोकाकडून ओरडत आला. "आटपलं का नाही अजून?"

नवऱ्यानं तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

मावशी उठली नाही. बाटली मांडीवर घेऊन ती सुपरवायझर जवळ येईपर्यंत सावकाश श्वास भरत राहिली.