पहिला पीस ओके

...डायोडच्या काचेच्या पोटात ती केसाएवढी तार भिंगातून स्पष्ट दिसत होती, शाबूत होती — म्हणजे घरी केलेला रेडिओ मुका राहिला, त्यात दोष तिचा नाही. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर वेढ्याला वेढा लावून गुंडाळलेली कॉइल, तिचाही नाही, हे अर्जुनरावांनी मान्य केलं तेव्हा दोष ठेवण्यासारखा खोलीत एकच माणूस उरला.

लॅपटॉपवर मात्र रेडिओ झकास चालत होता. सर्किट चालवून दाखवणारं सॉफ्टवेअर सून विजयश्रीने शिकवलेलं — डायोड इथून उचला बाबा, कंडेन्सर तिथे ठेवा, 'रन' दाबा — की पडद्यावर हिरवी लाट अशी डौलात उठायची, जणू अख्ख्या पुनावळ्याला ऐकू जाईल. अँटेनाच्या जागी सॉफ्टवेअर विचारतं, किती व्होल्ट? अर्जुनरावांनी एक लिहिला होता. गॅलरीतल्या तारेवर खऱ्या हवेतून उतरतो तो त्याचा हजारावा हिस्साही नसावा... हे कळलं काल. आणि त्या लाटेचा फोटो कंपनीतल्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर गेला परवा. खाली स्वतःच लिहिलेलं : 'घरी केलेला रेडिओ. पहिला पीस ओके.'

ओके! चाकणच्या कारखान्यात मी इन्स्पेक्टर; लॉटचा पहिला पीस तपासून हिरवं लेबल लावल्याशिवाय पत्र्याचे पार्ट काढणारी प्रेस हलायची नाही. शिफ्ट खोळंबायची, माणसं हात जोडायची, आणि मी नुसती मान हलवायचो — आडवी. काय तो रुबाब... काल ग्रुपवर 'चुकलं' एवढंच लिहायचं होतं. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी कुणाच्या तरी नातवाला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या.

"कुठाय तो रेडिओ?" नवनाथ चपला काढता काढताच ओरडला. ग्रुपवरचा फोटो बघून आलेला, प्रेस शॉपमधला हा नवनाथ. त्याचा अख्खा लॉट अर्जुनरावांनी एकदा लाल रंग फासून बाहेर काढला होता. "आज इन्स्पेक्टर आमी हाय बरं का, राव! लय माल नापास केलाय तुमी आमचा."

त्याचा हात टेबलावरच्या रेडिओच्या इअरफोनकडे गेला. आता सांगून टाकावं, कळणारच आहे — अर्जुनरावांनी घसा खाकरला — तेवढ्यात मंजुळाबाईंनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि इअरफोन उचलून स्वतःच्याच कानात घातला.

"गाणं लागलंय," त्या म्हणाल्या. "बाई गातेय कुणीतरी. बारीक येतंय, पण येतंय. तुम्ही चहा घ्या आधी भावजी, गार होईल."

"वहिनींनी पास केलं, मग आमी कोण?" नवनाथने बशीत चहा ओतला. इअरफोन त्याने मागितलासुद्धा नाही.

इअरफोनच्या दोन्ही वायरी कशालाच जोडलेल्या नव्हत्या. ट्रेच्या कडेला मोकळ्या पडल्या होत्या. अर्जुनरावांना दिसत होत्या, आणि नवनाथला दिसत नसाव्यात असं म्हणायला त्याची नजर काही अधू नव्हती.

भाजीत मीठ कमी पडलं तरी वाढण्याआधी सांगणारी ही बाई. हिने कधी थाप मारलेली आठवत नाही... की मारलेली मला ओळखूच आली नाही? सगळ्या जगाचा माल तपासत होतो मी, आणि संध्याकाळी घरी आल्यावर माझं काय काय हिने असंच, चहा पुढे करत, चालवून घेतलं असेल...

मंजुळाबाई अजून ऐकत होत्या. मान किंचित डोलत होती, अगदी तालात. कुठलं गाणं, असं विचारायचं अर्जुनरावांच्या जिभेवर आलं होतं. पण ती न अडखळता सांगेल, याचीच भीती वाटली.