पाचव्या दिवसाची नोंद

सकाळी दहा वाजता पर्यावरणशास्त्रात पीएचडी करणारी ती मुलगी आपल्या मार्गदर्शक सरांच्या दिवाणखान्यात स्टुलावर उभी राहून पडद्यात कड्या ओवत होती. खाली सरांच्या पत्नी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"अगं नदीवाले, चुण्या सारख्या पडू देत! एवढी शिकलीस, साधा पडदा लावता येईना?"

नदीचं पाणी तपासते म्हणून ती नदीवाली. खरं नाव काकूंनी तीन वर्षांत विचारलं नव्हतं. सरांच्या घरचं विजेचं बिल भरणं, त्यांच्या वडिलांना दवाखान्यात नेणं, धाकट्या मुलाची शिकवणी, यातलं काहीच विद्यापीठाच्या नियमावलीत नाही. पण प्रबंधावर सरांची सही हवी तर त्यांच्या घरी राबायचं, हा रिवाज नियमावलीहून जुना. आणि या वेठबिगारीला म्हणायचं काय, तर गुरुसेवा!

"काकू, बारा वाजता मला प्रयोगशाळेत जायलाच हवं. आज पाचवा दिवस आहे."

पाच दिवसांपूर्वी तिने रंगाच्या कारखान्याचा नाला नदीला मिळतो त्याच्या खालच्या अंगाला पाणी भरून बाटल्या अंधाऱ्या कपाटात ठेवल्या होत्या. पाचव्या दिवशी त्यात प्राणवायू किती उरला, यावरून घाण किती ते कळतं. सहाव्या दिवशीचं मोजमाप बाद. आणि नव्याने पाणी भरावं, तर नदी पुरती आटते ती वर्षातून एकच आठवडा, आणि तो सरत आला होता.

सरांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. "पाहुणे संध्याकाळी येताहेत. पाणी काय पळून जातंय?"

पाचव्या दिवसाचा नियम याच गृहस्थांनी तिला वर्गात शिकवला होता. तिने सोबतच्या संशोधक मुलाला फोन केला, तर तो सरांची गाडी घेऊन पाहुण्यांना आणायला गेलेला! ती सुटली सहाला. प्रयोगशाळेला पाचलाच कुलूप लागलं होतं. त्या बंद दारासमोर उभं राहून ती रागाने रडली.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "मागच्या वर्षीचा आकडा थोडा इकडेतिकडे करून टाक. नदीला कोण विचारायला जातंय?"

घरी वडिलांनी इस्त्री बाजूला ठेवली. कपड्यांना इस्त्री करून त्यांनी तिला इथवर शिकवलं होतं. "पोरी, अडला हरी गाढवाचे पाय धरी. एवढी पदवी पदरात पाडून घे, मग बोल."

"पाय धरले बाबा, तीन वर्षं धरले. आता गाढवासाठी खोटंही लिहू? त्या नाल्याखालचं पाणी लोक पितात."

वडिलांनी पुन्हा इस्त्री हातात घेतली.

सहामाही आढाव्याला समितीसमोर तिचा तक्ता पडद्यावर आला. एक रकाना रिकामा होता. शेजारी शेरा होता: 'नोंद घेतली नाही. त्या दिवशी मार्गदर्शकांच्या घरी पडदे लावत होते.'

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सर ताडकन उठले. "हा उद्धटपणा आहे! माझी सही मिळायची नाही हिला!"

समितीच्या अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला. या बाई कडक आणि सचोटीच्या म्हणून प्रसिद्ध. त्यांची पर्स आणि डबा सांभाळत त्यांची एक विद्यार्थिनी बाहेर बाकावर बसली होती.

"तो शेरा काढ. 'तांत्रिक अडचण' असं लिही. रकाना रिकामा राहिला तरी चालेल, मी सरांना समजावते."

"नाही बाई. अडचण तांत्रिक नव्हती."

"तुझं वर्ष जाईल."

"जाऊ दे. पुढच्या उन्हाळ्यात नदीवर पुन्हा जाईन. मार्गदर्शक मिळाला तर ठीक, नाहीतर एकटी जाईन."

बाईंचा आवाज चढला. "आम्ही नाही केलं हे सगळं? माझ्या सरांच्या घरची धुणी धुतली मी! पण अवाक्षर काढलं नाही कधी!"

"म्हणूनच माझ्यावर ही वेळ आली, बाई," ती म्हणाली. "आणि आता तुमची पर्स धरून बाहेर बसलेल्या त्या मुलीवर."