एकट्याची होडी

नागसेननं मला बातमी दिली ती कंपनीच्या बसमध्ये, चाकणहून घरी येताना, आणि तीही खिडकीबाहेर बघत.

"होडी घेतोय राव. कयाक. एका माणसाची."

"घे की, कोण नको म्हणायलंय," मी म्हणालो. माझा आवाज मलाच कुचका वाटला. पुढं आकुर्डी येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही, आणि त्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्याचा मला जास्त राग आला.

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते. सगळं जग रविवारी लग्नं लावतं, पिक्चर बघतं, मुलांना बागेत नेतं, तेव्हा आम्ही मशीनवर. आणि गुरुवारी आम्ही मोकळे, तर पोरं शाळेत, बायका कामावर, नातेवाईक आपापल्या ऑफिसात. गुरुवारी सुट्टी असलेल्या माणसाला गुरुवारचाच मित्र लागतो. मला नागसेन मिळाला. तो प्रेस शॉपला, मी बाहेरून येणाऱ्या मालाच्या तपासणीला. गेली चार वर्षं दर गुरुवारी आम्ही त्याच्या जुन्या गाडीतून पवना धरणावर जायचो आणि दोघांची होडी भाड्यानं घ्यायचो. तो पुढं, मी मागं. अशा होडीत वळवायचं काम मागच्याचं असतं, म्हणजे होडी कुठं जाणार ते मी ठरवायचो.

आणि बोलायचोही मीच. घरी मला बोलता येत नाही असं नाही, पण एक विषय असा आहे की तो काढला की विजयश्री, म्हणजे माझी बायको, रडते, आणि ती रडली की मी चिडतो. विषय आमच्या मुलाचा, समर्थचा. मी त्याला त्याच्या मित्रांदेखत थोबाडीत मारली आणि तो हैदराबादला नोकरीला गेला तो गेलाच. आईला फोन करतो, मला नाही. हे सगळं मी पाण्यावर नागसेनला सांगायचो, दर वेळी थोडं थोडं. एकदा सांगता सांगता मलाच रडू कोसळलं. वल्हं मांडीवर ठेवून बाईमाणसासारखा रडलो. नागसेननं मागं वळून पाहिलं नाही, तसाच वल्हवत राहिला. इतकी समज असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता तो माणूस एकट्याची होडी घेणार होता.

त्यानंतरचे दोन आठवडे त्याच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला आणि फोन पुढं. दिवसभराच्या फिरतीला केवढी लांब हवी, अरुंद असली की सरळ कशी जाते, डबा नि सुके कपडे ठेवायला मागं बंद कप्पा असतो तो किती मोठा हवा. आणि शेवटी गाडी वजनावर यायची. "हलकी पाहिजे ज्योती. एकट्याला गाडीच्या टपावर चढवता आली पाहिजे, एकट्याला उतरवता आली पाहिजे." ज्योती म्हणजे मी. दर वाक्यात एकट्याला, एकट्याला. मी पोळीचा तुकडा मोडत हूं हूं करत होतो आणि आतून नुसता धुमसत होतो. चार वर्षं ज्यानं मागून होडी वळवली त्याचं नावही त्या हिशेबात नव्हतं.

घरी विजयश्रीनं लगेच ओळखलं. "काय ओ, तोंड एवढं उतरलंय? नागसेन भावजींनी सवत आणली का तुमच्यावर?" आणि आपल्याच विनोदावर हसत ती भाकरी थापायला बसली. मी ताट सरकवून उठलो. बायकांचं बरं आहे, त्यांच्या जळण्याला निदान एक शब्द तरी आहे. पन्नाशीच्या बाप्यानं मित्राच्या होडीवर जळायचं म्हणजे ते कुणाला सांगायचीसुद्धा सोय नाही.

रावेतला तनुजा म्हणून एक मुलगी होड्यांचं दुकान चालवते. स्वतः वल्हवते, नीट समजावून सांगते. नागसेननं मला बरोबर नेलं. का, तर माल पारखायचं काम माझं. तिच्याकडं त्या दिवशी दोन होड्या होत्या. एक नारिंगी, जाड प्लॅस्टिकची. "दगडावर आपटली तरी हिला काही होत नाही काका, पण ही उचलायला दोघं लागतात." दुसरी पांढरी, फायबरची. "ही जपून वापरावी लागते, पण वजनाला निम्मीच म्हणा ना."

तिनं नागसेनला पांढरीत बसवून पाहिलं. दुकानातल्या फरशीवर, पाय लांब करून, गुडघे दोन्ही बाजूंना टेकवून तो बसला. होडी त्याला मापानं शिवल्यासारखी बसली. मग तो उतरला, वाकला, आणि एका झटक्यात होडी खांद्यावर घेऊन उभा राहिला. एकटा. त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मला तो बघवेना. कंपनीतल्या बावीस वर्षांच्या ओळखीत मी त्याला असं खूष केलेलं नव्हतं.

"थांब," मी म्हणालो. "वाजवून बघू दे."

फायबरचा माल आम्ही वाजवून पाहतो. आत थर सुटले असले की आवाज बद्द येतो, चिरलेल्या माठासारखा. मी खिशातून नाणं काढलं आणि टोकापासून टोकापर्यंत टकटक करत गेलो. आवाज सगळीकडं स्वच्छ, खणखणीत. असा माल आमच्या कंपनीत क्वचित येतो. नागसेन माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. प्रेसच्या धडधडाटात त्याचे कान अधू झालेत, असले बारीक आवाज त्याला कळत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी बसायच्या जागेखाली दोनदा वाजवलं आणि मान हलवली. "हितं बद्द वाजायलंय. थर सुटल्यात."

"काका, काहीतरी चुकतंय तुमचं," तनुजा म्हणाली.

"पोरी, माझं कामच हे हाय."

नागसेननं होडीवर हात ठेवला, तळवा पसरून, आणि क्षणभर तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "तू म्हणतोस तर राहू दे. नारिंगी घेऊ."

मला पश्चात्ताप वगैरे झाला असं समजू नका. मी त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. जड होडी उचलायला दोन माणसं लागतात, आणि दुसरा माणूस कोण, ते सांगायची गरज नव्हती.

पहिल्या गुरुवारी आम्ही ती टपावरून उतरवली, दोन टोकांना दोघं धरून पाण्यापर्यंत नेली. नागसेननं जाकीट घातलं, आत बसला, वल्ह्यानं काठ ढकलला आणि गेला. मी काठावर उभा. हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. होडी दोघांनी उचलायची असली तरी बसायचं एकानंच असतं.

मी गाडीत बसलो, उतरलो, दगडावर बसलो. लांब पाण्यावर एक नारिंगी ठिपका. तो मधेच थांबायचा, नुसता तरंगत राहायचा, वल्हवायचाही नाही. काय करत असेल तिथं? कुणाशी बोलत असेल? पूर्वी मला त्या होडीचा हेवा वाटत होता, आता त्या पाण्याचा वाटायला लागला. तीन तासांनी परत आला तेव्हा चेहरा धुतल्यासारखा. मी पुन्हा एक टोक धरलं.

असे किती तरी गुरुवार गेले. एकदा सहलीला आलेल्या एका माणसानं मला विचारलं, "दादा, बोट कशी तासाला?" मी त्याला असं झापलं की त्याची बायको पोराला घेऊन लांब जाऊन उभी राहिली. पण घरी आल्यावर मला कळलं की त्याचं काही चुकलं नव्हतं. मी हमालच झालो होतो, आणि हमालीचं काम मीच मागून घेतलं होतं.

तरी मी ते सोडलं नसतं. सोडायला लावलं कंबरेनं. एका गुरुवारी होडी टपावर चढवताना कमरेत अशी कळ आली की मी जागीच बसलो. नागसेननं होडी तशीच खाली टाकली, मला मागच्या सीटवर आडवं घातलं आणि दवाखान्यात नेलं. मी बरा होऊन कामावर आलो त्याच्या पुढच्या गुरुवारी तो दारात उभा. "चल. रावेतला जायचंय."

तनुजानं नारिंगी होडी परत घ्यायचं कबूल केलं होतं. पांढरी अजून तिथंच होती, दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली.

"वाजव," नागसेन म्हणाला.

मी नाणं काढलं. वाजवलं. पहिल्यासारखाच स्वच्छ आवाज. मला वाटलं होतं आता तरी माझ्या तोंडून खरं निघेल, पण तो ती खांद्यावर घेऊन चाललाय हे डोळ्यांसमोर आलं आणि जीभ आपोआप वळली. "बद्दच हाय अजून."

नागसेननं मागच्यासारखाच तळवा होडीवर ठेवला. "पुन्हा वाजव."

मी वाजवलं.

"ज्योती, माझे कान गेलेत, हात नाही गेले. प्रेसमध्ये डाय कुठं सैल झालीय ते मी हात लावून सांगतो. त्या दिवशीपण हात लावला होता. हिच्यात काहीच नाही."

तनुजा काही तरी आणायला म्हणून आत निघून गेली. शहाणी मुलगी.

"मंग जड कशाला घेतलास?" मी विचारलं.

"तुला यायचं होतं म्हणून. म्हटलं येऊ दे थोडे दिवस. पण तू काठावर उभा असतोस आणि मला तिकडं जाऊनपण तूच दिसतोस. त्यात तुझी कंबर गेली. आता बास."

माझं डोकं फिरलं. चोरी पकडली गेली की माणूस जास्त चिडतो तसं. "मला टाकून एकट्यालाच जायाचं होतं ना तुला? मग तसं सांगायचं. काय कमी केलं मी? चार वर्षं तुझ्या मागं बसलाव."

"तेच ना भावा," तो म्हणाला. "मागं बसलास." तो ते अगदी हळू म्हणाला, कुणाला लागू नये असं. "मला मागून काही ऐकू येत नाही. समोर असलास की तुझे ओठ बघतो, भागतं. होडीत तू मागं, आणि सारखा बोलतोस. आधी मी मान वळवून बघायचो, पण होडी हलते. मग नुसता हो हो करायला लागलो. कंपनीत मशीन, घरी सगळ्यांचं बोलणं, दिवसभर मी अंदाजानं मान डोलवत असतो. दमतो राव त्यानं. मला एक दिवस असा पाहिजे होता की जिथं कुणाला हो म्हणायचं नाही."

पाण्यावर गोंगाट नसतो, तिथं त्याला सगळं ऐकू जातं, असं मी धरून चाललो होतो. एकदाही विचारलं नव्हतं. म्हणजे समर्थचं काही त्याला माहीतच नव्हतं. थोबाडीत मारल्याचं नाही, फोनचं नाही. मी रडलो ते त्याला समजलंच नव्हतं, म्हणून तो वळला नव्हता. ज्या माणसाला मी कुणालाही द्यायला तयार नव्हतो, तो माझ्याजवळ कधी नव्हताच, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

नागसेननं दुकानातली दोन स्टुलं ओढली. एकावर मला बसवलं, कंबर सांभाळून. दुसरं अगदी माझ्यासमोर ठेवून स्वतः बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. त्याचे डोळे माझ्या ओठांवर.

"आता सांग," तो म्हणाला. "चार वर्षं काय बोलत होतास?"

मी तोंड उघडलं. समर्थ, एवढा पहिला शब्द घशापर्यंत आला. समोर त्याचा सगळा चेहरा होता, वाट बघणारा. मी त्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मला उमगलं की मला हे फक्त पाठीलाच सांगता येतं.

"होडी चांगली हाय," मी म्हणालो. "घे."

माझी मान खाली होती, म्हणून त्याला ते कळलं नाही. तो वाकला आणि म्हणाला, "काय?"

मी मान वर केली आणि पुन्हा तेच, मोठ्यानं म्हणालो.