यमाजीची चप्पल आणि आमदारांचा पक्षप्रवेश

आमदार आपल्या पक्षात येणार, ही बातमी यमाजीला मेंढरांमागं चालताना फोनवर कळली. तो जागीच थांबला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण नेमके बाभळीच्या काट्यावर थांबलोय.

गेल्या निवडणुकीत, माइक हातात आल्याच्या भरात, यमाजीनं भर सभेत पण केला होता : आपल्या पक्षाचा आमदार झाल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही. टाळ्या पडल्या. महिन्याभरानं उमेदवारही पडला. तेव्हापासून यमाजी अनवाणी. पारगावकडं ऊस तुटला की मेंढरं तिकडं न्यायची, आणि तुटलेल्या उसाच्या खोडक्या म्हणजे जमिनीतून वर आलेले खिळेच.

रोज दिवेलागणीला त्याची बायको सरुबाई त्याचा पाय मांडीवर घेऊन पिनेनं काटे काढायची. "मेंढरांमागं तरी गपचीप घालावी माणसानं. मेंढरं काय चुगली करत्यात व्हय?"

"लोकं बघत्यात," यमाजी म्हणायचा, आणि पाय आखडून घ्यायचा.

आता ज्याला पाडायचं म्हणून पण केला, तोच आमदार सत्तेसाठी आपल्या पक्षात येत होता. पारावर सगळे कार्यकर्ते संतापले. "ह्याच्याच गळ्यात हार घालायचा का आता?" यमाजीनंही रीत म्हणून दोन कडक शिव्या हासडल्या. मनात मात्र तो काळी घ्यावी की तपकिरी, ह्या विचारात होता. आपल्या पक्षाला आमदार मिळाला की नाही? मिळाला. कुठून का मिळेना.

पण असला पण आपल्या हातानं सुटत नाही. आमदारसाहेबांनी चारचौघांत वाकून चप्पल घालावी लागते, फोटोसकट. पक्षाचा तालुकाध्यक्ष गोकुळ ह्यानं आळेफाट्याच्या एका हॉटेलात कार्यक्रम ठेवला : आधी पक्षप्रवेश, मग चप्पल, मग मिसळ.

आमदार वाकले. नवी कोरी नऊ नंबरची चप्पल पुढं केली. जाईना. इतक्या दिवसांत यमाजीचा पाय भाकरीसारखा पसरला होता. आमदारांनी रेटा दिला, कॅमेऱ्याकडं बघून हसले, परत रेटा दिला.

"दम धरा साहेब," म्हणत गोकुळ शेजारच्या गॅरेजात पळाला आणि मेस्तरीच्या पायातली ट्रकच्या टायरची चप्पल काढून घेऊन आला. ती उजव्या पायात लोण्यासारखी गेली. टाळ्या.

तेवढ्यात आमदारांचा फोन वाजला. मुंबईहून होता. डाव्या पायाची चप्पल हातात धरूनच ते उभे राहिले. "हो साहेब... नाही, सही कुठं केलीय अजून... मंत्रिपद? मग विचार करायला काय हरकत आहे?"

मिसळवाल्यानं रस्सा ओतता ओतता हात थांबवला. गोकुळनं हार मागं लपवला.

यमाजीनं पाहिलं : एक पाय आत, एक बाहेर. हा माणूस हॉटेलाबाहेर पडला की उजवी पण काढावी लागणार. परत खोडक्या, परत बाभळ. त्यानं आमदारांच्या हातातून चप्पल अलगद सोडवली आणि डाव्या पायात सरकवली.

"अहो यमाजीभाऊ!" गोकुळ कळवळला. "साहेबांच्या हातानं घालायची असती!"

"एक त्यांनी घातली, एक मी. युती म्हणा," यमाजी म्हणाला. "आन राव, मी न्हाई आता काढत. ते जाऊ दे कुठं जायचं तिकडं."

आमदारांनी फोनवर हात ठेवून मान डोलावली. एकूण सभेत तेवढाच एक ठराव एकमतानं झाला.

मेस्तरीला नऊ नंबरची नवी चप्पल देऊन यमाजी बाहेर पडला. एसटी असूनही घरापर्यंत चालत गेला, मुद्दाम खडीवरून, मुद्दाम काट्यांतून.

दारात पोचला तेव्हा सरुबाई चुलीपाशी होती. पाठमोरीच. अंगणात फटक फटक आवाज आला तशी तिनं डोक्यावरचा पदर सावरला.

"कोण पावणं आलं वं?"

"मीच हाय," यमाजी म्हणाला, आणि ओट्यावर बसून एक पाय दुसऱ्यावर टाकला.