कुस्तीचा पोशाख

दादाने तिच्या नव्या पोशाखात पाठीतून कात्री घातली आणि थेट कंबरेपर्यंत आणली. कापड ताणलं जाणारं, सरळ कापलं जाईना, म्हणून उरलेलं त्याने दातओठ खात हातांनीच टरकावलं. त्याची बहीण दारात उभी होती. पोहून आल्यामुळे केस अजून ओले होते.

"हे घालून चार लोकांत पळणार होतीस?" दादा म्हणाला. "लाज विकून खाल्लीस का?"

"दादा, ठेव ते. उद्या शर्यत आहे माझी."

"शर्यत! आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. बाईसाहेबांचं एकात भागत नाही!"

ती धावून गेली. पोशाखाचं एक टोक तिच्या हातात आलं, दुसरं त्याच्या मुठीत. त्याने तिचा दंड धरून पिरगाळला आणि मोकळ्या हाताने एक अशी ठेवून दिली की ती फ्रिजवर जाऊन आपटली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. फ्रिजवरची काचेची बरणी खाली आली आणि तिच्या पायांशी फुटली. ओठही फुटला होता, तोंडात रक्ताची चव आली.

"अजून हवीय?" दादाने विचारलं. उत्तराची वाट न बघता त्याने कात्री आईच्या शिलाई मशीनवर भिरकावली आणि दार आपटून तो निघून गेला.

तीन आठवडे तिने त्या पोशाखापायी सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. या शर्यतीत कपडे बदलायला कुणी थांबत नाही. जे घालून पाण्यात उतरायचं, तेच ओलंकच्च अंगावर ठेवून सायकल मारायची आणि त्यातच धावायचं. एक म्हणाला, साधा टी-शर्ट घाल. घातला, तर पाण्यात त्याचा फुगा झाला. लिफ्ट दुरुस्तीवरचे तिचे जोडीदार म्हणाले, आपला कामाचा डगलाच घाल, खिशात पाना पण राहील. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. शेवटी दुकानात पाच पोशाख अंगावर चढवून तिने तो काळा निवडला. एकसंध, अंगाला घट्ट, बिनबाह्यांचा. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालणारी बाई ती. दंडावर दादाची बोटं कधी उठलेली असतील याचा नेम नसायचा. बिनबाह्यांचं घ्यायला तिला केवढा जीव गोळा करावा लागला होता, ते तिचं तिलाच ठाऊक.

आई गिऱ्हाइकाचे पडदे पोचवून आली, तेव्हा ती ओठाला बर्फ लावून जमिनीवर बसली होती. आईने काचा झाडल्या, केर भरला, मग काळे तुकडे उचलून मशीनवर बसली. या घरात हे असंच चालायचं. दादाने फाडायचं आणि आईने सांधायचं. वर म्हणायचं, जाऊ दे, त्याचा गुडघा गेला, कुस्ती सुटली, तो तरी काय करेल बिचारा.

दोरा तुटला. आईने पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. जिथे टाका बसला, तिथे कापड ताणताच उसवलं.

"माझ्या मशीनला नाही जमत हे," आई म्हणाली. "जुनं काही बघ ना कपाटात."

"काय बघू? सगळ्याला बाह्या आहेत." ती उठली. दंड टरारून सुजला होता. "नाही जात मी. बिचारा आहे ना तो. जाऊ दे."

आईचा हात मशीनच्या चाकावरच राहिला. आपलेच शब्द पोरीच्या तोंडून ऐकून तिचा चेहरा पार उतरला. ती उठली, कात्री उचलली, भिंतीजवळ गेली आणि कात्रीच्या मुठीने तिथे टांगलेल्या चौकटीची काच फोडली.

आत दादाचा निळा पोशाख होता, शेवटच्या कुस्तीतला. एकसंध, अंगाला घट्ट, बिनबाह्यांचा. त्याला कुणी बोट लावलेलं दादाला खपत नसे.

"आई, अगं, तो मारून टाकेल."

"घाल हा. कुठे सैल होतोय बघू."

तो खांद्यांवर सैल होता, कुशीत तर फारच. आईने तोंडात टाचण्या धरल्या आणि एक कूस खालपासून वरपर्यंत कापून काढली. नवी शिवण घातली. हे कापड जाड होतं, त्याने टाका धरला. आता तो दादाला पुन्हा कधीही होणार नव्हता.

दुसरी कूस अर्धी झाली आणि दादा परत आला. आधी त्याला भिंत दिसली. मग निळ्या पोशाखातली ती दिसली. तो आरडाओरडा न करता सरळ आला, तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं कपाटाच्या दारावर हाणलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मूठ उचलली आणि तिथेच थांबली.

आईने कात्रीचं टोक त्याच्या पोटाला लावलं होतं.

"सोड तिला."

"आई, तू माझ्यावर कात्री धरतेस?"

"सोड, नाहीतर आत घालीन. देवाशप्पथ घालीन."

तो हसायला गेला. आईने हात पुढे रेटला. शर्टात टोक शिरलं, लाल ठिपका उमटला आणि बघता बघता पसरला. दादाने केस सोडले. पोट दाबून तो मागे सरला आणि लहान पोरासारखा आईकडे बघत राहिला. मग आतल्या खोलीत जाऊन त्याने कडी लावली.

आईने हात पदराला पुसले.

"हात वर कर," ती म्हणाली. "काखेतली शिवण राहिलीय."

सकाळी तळ्याच्या काठावर एक मुलगी काळ्या पेनाने प्रत्येकाच्या दंडावर क्रमांक लिहीत होती. तिच्या दंडाशी आल्यावर मुलगी थबकली. चार निळी-जांभळी बोटं उमटली होती.

"इथे दुखेल तुम्हाला. दुसऱ्या हातावर लिहू का?"

"इथेच लिही. चांगलं मोठं लिही."

आई मागून आली. दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या होत्या आणि काखेत एक गाठोडं.

"एवढं काय आणलंस गं?"

"तुझे कपडे. थोडे माझे."

तिला क्षणभर कळेना. मग कळलं, तशी ती आईकडे बघतच राहिली.

"घराची किल्ली?"

"टेबलावर ठेवून आले. तुझीही ठेवली."

"आई, मग संध्याकाळी जायचं कुठे आपण?"

काठावरची माणसं पाण्याकडे सरकू लागली. धक्काबुक्की सुरू झाली, कुणाचं तरी कोपर तिच्या बरगडीत बसलं. आईने पिशव्या खाली ठेवल्या आणि तिच्या खांद्यावरची शिवण ओढून पाहिली.

"आधी पोहून तर ये," आई म्हणाली. "मग बघू."